अँबॅसेडर मार्क २ : डायनामो काढून अल्टरनेटर बसवायचाय. कोणता घ्यावा, वायरिंग कसं करावं?

औसा_नाका (लातूर)

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे १९७४ची अँबॅसेडर मार्क २ आहे. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, अजून मूळचंच. वडील औशाला डॉक्टर होते. त्यांनी ही गाडी घेतली आणि आयुष्यभर व्हिजिटला हीच नेली. ते गेल्यापासून माझ्याकडे आहे. महिन्याला चार-पाचशे किलोमीटर चालते, नुसती झाकून ठेवलेली नाही.

गेल्या पंधरवड्यात अंबाजोगाईहून रात्री परत येताना रेणापूरच्या अलीकडे हेडलाईट पिवळे पडत पडत पणतीएवढे झाले. लातुरात शिरलो आणि पहिल्याच चौकात गाडी बंद पडली. सेल्फ उचलेना. ओळखीच्या पोरांनी ढकलत घरी आणून दिली.

डायनामो, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, उघडून पाहिला. कॉम्युटेटरच्या (कार्बन ज्याच्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागाच्या) दोन पट्ट्या जळून काळ्या झाल्यात, बोट फिरवलं की खड्डा लागतो. मागचा बुश इतका खाल्लाय की शाफ्ट हाताने हलतो. त्या बुशाच्या झाकणाला मधोमध तेलाचं बारीक भोक असतं. वडील दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शिवणयंत्राच्या तेलाच्या कुपीने त्यात दोन थेंब सोडायचे. मी ते मधली काही वर्षं केलं नाही, त्याचं फळ आता दिसतंय.

एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती याच प्रश्नाशी जोडलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. वडील या गाडीतून जखमींना लातूरला पोहोचवत होते. रस्ता माणसांनी, ट्रकांनी भरलेला, पुढे पाऊसही लागला. दुसऱ्या गिअरच्या वर गाडी जात नव्हती आणि दिवे, वायपर सगळं चालू. दुसऱ्या रात्री बॅटरी बसली. गाडीत माणूस असताना ती पहाटेपर्यंत रस्त्याकडेला उभी राहिली. वडिलांच्या मनातून ती रात्र कधी गेली नाही. म्हणून मला नुसती दुरुस्ती नको, रात्री भरवशाने चालेल अशी गाडी हवी आहे.

डायनामो लुकासचा सी४०. रेग्युलेटरचा डबा, म्हणजे आपल्याकडे ज्याला कटआऊट म्हणतात तो, आरबी१०६. त्यावर ए, ए१, एफ, डी, ई असे पाच टर्मिनल आहेत. आणि महत्त्वाचं म्हणजे आमच्या गाडीत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

गोदाकाठ (नांदेड)

तुमच्या वडिलांच्या गाडीत त्या रात्री बिघाड नव्हता. डायनामो चांगला असता तरी तेच झालं असतं. मी एसटीच्या वर्कशॉपात ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरी केली, डायनामोचा जमाना आणि अल्टरनेटरचा जमाना दोन्ही हाताखालून गेले. म्हणून आधी कारण समजून घ्या, मग खरेदीला जा.

डायनामोत वीज तयार करणारी गुंडाळी फिरत्या आर्मेचरवर असते. सगळाच्या सगळा करंट कॉम्युटेटर आणि कार्बनमधून बाहेर काढावा लागतो. आर्मेचर जड, त्यामुळे फार जोरात फिरवता येत नाही; म्हणून पुली मोठी ठेवतात आणि म्हणूनच आयडलिंगला चार्जिंग नसतं. सी४०ची क्षमता २२ अँपिअर. तीही डायनामो मिनिटाला सव्वादोन हजार फेऱ्यांवर गेल्यानंतर. चौदाशे-साडेचौदाशेच्या खाली कटआऊट डायनामो बॅटरीला जोडतच नाही, डॅशबोर्डवरचा लाल दिवा पेटलेला राहतो. तोवर सगळा भार एकट्या बॅटरीवर.

आता तुमचा खर्च मांडा. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे १२ व्होल्टला ९ अँपिअरच्या वर. मागचे-पुढचे छोटे दिवे आणि नंबर प्लेट २ अँपिअर. इग्निशन कॉइल ३ ते ४. वायपर ३. मोबाईलचा चार्जर एक-दोन. बेरीज १९-२० होते. २२ अँपिअरच्या डायनामोला हे कसंबसं झेपतं, तेही मोकळ्या रस्त्यावर. दुसऱ्या गिअरमध्ये, गर्दीत, पावसात बॅटरी उतरणारच.

अल्टरनेटरमध्ये मांडणी उलटी. वीज तयार करणारी गुंडाळी बाहेर स्थिर बसलेली. फिरणाऱ्या रोटरला फक्त चुंबक करण्यापुरता तीन-चार अँपिअर करंट, तो दोन गुळगुळीत स्लिप रिंगवरून जातो. कार्बन त्यामुळे वर्षानुवर्षं टिकतो. रोटर दहा-बारा हजार फेऱ्या सहज सोसतो, म्हणून पुली लहान ठेवता येते आणि गाडी आयडलिंगला असतानाही चार्जिंग मिळतं. तयार होतो तो एसी, सहा डायोड त्याचा डीसी करतात. कटआऊटचं कामही डायोडच करतात, कारण ते करंट उलटा जाऊच देत नाहीत.

तुम्हाला ४५ अँपिअर पुष्कळ झाले. ८०-९०च्या मागे लागू नका. तेवढं ओढायला बेल्ट हवा, तेवढी वायर हवी, आणि तुमच्या गाडीत तेवढा खर्चच नाही.

मूळस्वरूप (छत्रपती संभाजीनगर)

माझं मत वेगळं आहे आणि ते मांडणं मला जरुरीचं वाटतं. डायनामो ही या गाडीची ओळख आहे. कॉम्युटेटर लेथवर हलका उतरवा, पट्ट्यांमधला अभ्रक हॅकसॉच्या पात्याने अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली घ्या, नवे कार्बन गोल घासून बसवा, बुश ब्राँझचा नवा करून रात्रभर तेलात बुडवून ठेवा. माझ्या गाडीचा डायनामो असाच सुरू आहे. दिवसा फिरणाऱ्याला अजून काय हवं?

दुसरं, तुमची गाडी आता पन्नाशी ओलांडलेली आहे. जुलै २०२१मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली असेल तर तिला व्हीए मालिकेचा नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. उद्या तो विचार मनात आला तर गाडी पुन्हा मूळ रूपात आणता आली पाहिजे. जे कराल ते भोक न पाडता, वायर न कापता करा.

औसा_नाका

तुमचं दुसरं म्हणणं शंभर टक्के मान्य, धन्यवाद. पहिल्याबद्दल एवढंच म्हणेन, की माझं येणं-जाणं बरंच रात्रीचं आहे. आई ८१ वर्षांची आहे, कधी निघावं लागेल सांगता येत नाही. डायनामो दुरुस्त करून ठेवणार, पण गाडीवर अल्टरनेटर बसवणार. बॉडीला एकही नवं भोक पडणार नाही.

जालन्याची_फियाट

माझ्या पद्मिनीवर सहा वर्षांपूर्वी हेच केलं. (पद्मिनीत निगेटिव्हच बॉडीला असतो, त्यामुळे तुमच्याइतका व्याप नव्हता.) खरेदीत काय पाहावं ते सांगतो, कारण मी दोनदा फसलोय.

दोन सरळ पर्याय आहेत. एक, लुकास-टीव्हीएसचा ए११५ जातीचा अल्टरनेटर, ३६ किंवा ४५ अँपिअरचा. रेग्युलेटर आतच असतो आणि कान, म्हणजे बोल्टची जागा, जुन्या इंजिनांना बरीच जुळते. दोन, जुन्या कार्बुरेटरवाल्या मारुती ८०० किंवा ओम्नीचा. आकाराने लहान, वजनाने हलका, सुटे भाग कुठल्याही तालुक्याला मिळतात. पण ब्रॅकेट नवं करावं लागतं.

पहिली चूक. भंगार बाजारात मला एक दणदणीत अल्टरनेटर स्वस्तात मिळाला. घरी आणून बघतो तर मागे शाफ्टवर अजून एक गोल डबा. तो व्हॅक्यूम पंप. डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरसाठी लागतो. त्याला इंजिनमधून तेलाची नळी द्यावी लागते, कोरडा फिरवला तर आतून खाऊन जाम होतो. पेट्रोल गाडीला त्याचा काही उपयोग नाही. मागच्या बाजूला नळीची तोटी दिसली की हात लावू नका.

दुसरी, नव्या इंजेक्शनवाल्या गाड्यांच्या काही अल्टरनेटरांचं व्होल्टेज गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, ठरवतो. आपल्या गाडीत ईसीयू नाही, मग तो मनासारखं चार्जिंग करत नाही. शिवाय त्यांची पुली बारीक खाचांच्या चपट्या बेल्टची असते, आपला बेल्ट व्ही आकाराचा. पुली बदलावी लागते, आणि शाफ्ट १५चा आहे की १७ मिलिमीटरचा ते मोजल्याशिवाय पुली आणू नका.

पंख्याच्या पात्यांचा कलही बघा. वीज कुठल्याही दिशेने फिरवलं तरी तयार होते, पण बाहेर पंखा असलेल्या जातीत पाती उलट्या कलाची असली तर हवा नीट ओढली जात नाही आणि आपल्याकडच्या मे महिन्यात डायोड भाजून निघतात.

रानजीप (भोकर)

मस्त धागा. माझी जुनी सीजे जीप आहे, डॅशबोर्डवर अँमीटर आहे. मलाही हेच करायचंय. अँमीटर तसाच ठेवला तर चालेल का?

गोदाकाठ

रानजीप भाऊ, तसाच ठेवू नका. त्या अँमीटरमधून गाडीचं सगळं चार्जिंग जातं. म्हणजे ३० अँपिअरच्या मीटरमागच्या दोन नटांवर, डॅशबोर्डच्या आत, तुमच्या गुडघ्यासमोर ४५ अँपिअर खेळणार. नट जरा सैल झाला की तिथेच ठिणगी. त्याच्या दोन्ही वायरी एकत्र करून, वरून स्लीव्ह घालून बंद करा आणि व्होल्टमीटर लावा. व्होल्टमीटरला बारीक वायर पुरते आणि तो खरी माहिती देतो. जुना मीटर देखाव्याला जागेवर राहू द्या.

आता औसा_नाका, तुमचं वायरिंग. निवांत वाचा.

सुरुवात बॅटरीपासून. पॉझिटिव्ह बॉडीला ठेवून आजचा अल्टरनेटर जोडला तर डायोड तिथल्या तिथे जातात, दुसरी संधी मिळत नाही. म्हणून आधी गाडी निगेटिव्ह अर्थ करा, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडा. बॅटरी फिरवून बसवा. बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब निगेटिव्हपेक्षा जाड असतो, त्यामुळे जुने क्लॅम्प अदलाबदल करून नीट बसणार नाहीत. ठोकून बसवू नका, नवे घ्या. इग्निशन कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं असतील. त्या दोन वायरींची अदलाबदल करा. नाही केली तरी गाडी चालू होईल, पण प्लगवर ठिणगी उलट्या बाजूने पडेल, तिला जास्त व्होल्टेज लागेल आणि चढाला गाडी अडखळेल. पेट्रोलचा काटा, दिवे, हॉर्न यांना फरक पडत नाही. जुना रेडिओ असेल तर मात्र आधी काढून ठेवा, उलट्या पुरवठ्याने तो गेला म्हणून समजा. छोटा पंखा चुंबकाच्या मोटरचा असेल तर उलटा फिरेल, त्याच्या वायरी फिरवा.

आता कटआऊटचा डबा. तो काढू नका, जोडणीचा डबा म्हणून वापरा. आज त्यात ए म्हणजे बॅटरीकडून येणारी वायर, ए१ म्हणजे गाडीच्या लाईट-स्विचकडे जाणारी, डी म्हणजे डायनामोची जाड वायर आणि तिच्याच जोडीला डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याची बारीक वायर, एफ म्हणजे फील्ड, डायनामोतल्या चुंबकाच्या गुंडाळीची वायर. ए आणि ए१च्या वायरी एकाच टर्मिनलवर पक्क्या बांधा. लाल दिव्याची बारीक वायर डीवरून सोडवा आणि एफच्या वायरीला जोडा. एफची वायर डायनामोपर्यंत गेलेलीच आहे, तीच आता अल्टरनेटरच्या एल किंवा आयएनडी लिहिलेल्या पिनला जाईल. डीची जाड वायर दोन्ही टोकांना टेप मारून तशीच राहू द्या. एकही वायर कापलेली नाही, मूळस्वरूप साहेबांचं मनही राखलं गेलं.

मारुतीचा अल्टरनेटर घेतला आणि त्यावर आयजी अशी पिन असेल, तर तिला इग्निशन चालू केल्यावर येणारा पुरवठा द्या.

राहिली मुख्य वायर, बी प्लसची. ही नवीनच टाका. अल्टरनेटरच्या बी बोल्टवरून थेट सेल्फच्या सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) बॅटरीकडच्या बोल्टवर. दहा स्क्वेअर एमएमची तांब्याची, बारीक तारांची वायर. मध्ये बॅटरीच्या बाजूला ६० अँपिअरचा बोल्टवाला फ्यूज. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवा, पक्कडीने चेचू नका. वायर जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच.

एक_ओहम (लातूर)

काका, मी डिप्लोमा इलेक्ट्रिकलला आहे, तुमचा दहा एमएमचा मुद्दा आकड्यांत मांडतो. तांब्याची वायर दोन मीटर धरली आणि ४० अँपिअर करंट धरला, तर अडीच एमएमच्या वायरीत साधारण ०.५६ व्होल्ट वाया जातात. सहा एमएममध्ये ०.२३ आणि दहा एमएममध्ये ०.१४. अल्टरनेटरवर १४.२ असूनही बॅटरीला १३.६ मिळाले तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. घराच्या फिटिंगची अडीच एमएमची वायर लावणारे मी डोळ्यांनी पाहिलेत, म्हणून लिहिलं.

जालन्याची_फियाट

आणखी एक गोष्ट, सगळ्यांनी मनावर घ्यावी. माझा नवा अल्टरनेटर बसवून आठवडा झाला होता. एका दुकानात हॉर्नच्या कामाला गाडी नेली. तिथल्या माणसाने इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल उचललं, 'चार्जिंग बघतो' म्हणून. डायनामोच्या काळातली ही सवय. इंजिन चालू राहिलं, तो म्हणाला चार्जिंग बरोबर आहे. दुसऱ्या दिवसापासून लाल दिवा जाईना. उघडून पाहिलं तर रेग्युलेटर आणि दोन डायोड गेलेले. बॅटरी अल्टरनेटरच्या झटक्यांना उशीसारखी असते. ती काढली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड फुटतात. चार्जिंग बघायचं तर मीटर लावा. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तेव्हाही आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवा.

औसा_नाका

मंडळी, काम केलं. तीन रविवार गेले. जे घडलं ते सगळं लिहितो, चुकांसकट.

४५ अँपिअरचा ए११५ घेतला, नवा. खालचे दोन कान जवळजवळ जुळले, मागच्या बाजूला ११ मिलिमीटरची फट राहिली. लेथवाल्याकडून तेवढ्या जाडीचा स्पेसर करून घेतला. बेल्टची वरची पट्टी, जिच्यावर अल्टरनेटर सरकवून ताण देतात ती, लांब करावी लागली. आधी पुठ्ठ्यावर आकार काढला, बोल्टच्या जागी मेणबत्तीने काळे ठिपके उठवले, मग तो पुठ्ठा घेऊन फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. त्याने सहा एमएमच्या पट्टीतून कापून दिली.

पुल्या एका रेषेत आहेत का हे बघायला दोरा ताणला. अल्टरनेटरची पुली दीड मिलिमीटर पुढे होती, एक वॉशर काढून जुळवली. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला की अर्धा इंच जातो, एवढा ताण ठेवला.

बॅटरी फिरवली, कॉइलच्या वायरी बदलल्या. गाडी पहिल्या सेल्फला उठली. आवाज पूर्वीपेक्षा गोड वाटला, पण कदाचित तो माझ्या मनाचा भाग असेल.

आणि चार्जिंग शून्य. चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतो, मंद लागतो, पण इंजिन चालू झाल्यावर तसाच राहतो. बॅटरीवर १२.३. ॲक्सिलेटर कितीही दाबला तरी तेच. रात्री अकरापर्यंत त्याच्यापुढे बसलो होतो.

गोदाकाठ

लाल दिव्याच्या जागी बल्ब आहे की एलईडी? काढून बघा.

औसा_नाका

काका, एलईडी निघाला! मीच दोन वर्षांपूर्वी डॅशबोर्डचे सगळे दिवे एलईडीचे केले होते.

गोदाकाठ

मग तेच. तो दिवा नुसता सूचना देत नाही. चावी फिरवली की त्याच्यातून थोडा करंट रोटरमध्ये जातो आणि रोटर चुंबक होतो. तेव्हा कुठे अल्टरनेटर जागा होतो. २.२ वॅटचा जुना बल्ब १८० मिलीअँपिअर सोडतो. एलईडी दहा-वीस सोडत असेल, त्याने रोटर उठत नाही. २.२ वॅटचा बल्ब परत लावा. एलईडीच ठेवायचा असेल तर त्याच्या दोन टोकांना समांतर ६८ ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर जोडा. याचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवा. पुढेमागे तो बल्ब उडाला तर चार्जिंगही बंद पडू शकतं. चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतोय ना, हे रोज बघायची सवय करा आणि ग्लोव्हबॉक्समध्ये एक बल्ब जास्तीचा ठेवा.

औसा_नाका

बल्ब लावला. सेल्फ मारला, किंचित रेस दिली आणि लाल दिवा विझला. बॅटरीवर आयडलिंगला १४.१. आईला हाक मारून मीटर दाखवला.

पण दिवे, वायपर लावल्यावर १३.१वर आला. हे कमी वाटतं. अल्टरनेटरच्या बी बोल्टवर आणि त्याच्याच बॉडीवर मीटर लावला तर १३.९ आहेत. म्हणजे मधे कुठेतरी ०.८ व्होल्ट गळतायत. वायर दहा एमएमचीच टाकलीय.

एक_ओहम

दादा, दोन्ही वाटा वेगवेगळ्या मोजा. इंजिन चालू, दिवे चालू. मीटरचं एक टोक बी बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर. ०.२च्या आत असायला हवं. मग एक टोक अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. तेही ०.२च्या आत.

औसा_नाका

पहिलं ०.१५. दुसरं ०.६५!

गोदाकाठ

अर्थिंग. नवी पट्टी आणि ब्रॅकेटला रंग दिलाय का?

औसा_नाका

दिलाय. रेड ऑक्साईडचे दोन हात आणि वर काळा. दिसायला छान दिसावं म्हणून कानांच्या तोंडालाही मारला होता.

गोदाकाठ

रंगातून करंट कसा जाईल? जाण्याची वाट पॉझिटिव्हची असते, परतीची निगेटिव्हची. ४५ अँपिअर जेवढे जातात तेवढेच परत यायचे असतात. लोक जाणारी वायर जाड टाकतात आणि परतीची वाट रंगावर, गंजावर सोडून देतात. नोकरीतल्या माझ्या निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या असायच्या. कानांच्या तोंडाचा रंग पॉलिश पेपरने घासून पांढरा धातू काढा. अल्टरनेटरच्या बॉडीच्या बोल्टवरून एक स्वतंत्र दहा एमएमची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टाका. आणि इंजिनपासून चासीला जाणारी विणलेली तांब्याची पट्टी बघा, पन्नास वर्षांत ती हिरवी पडलेली असणार.

औसा_नाका

पट्टी हिरवी नव्हती काका, अर्ध्याच्या वर तुटलेली होती. काळ्या ऑइलच्या थराखाली चार-पाच तारांवर लोंबत होती. हात लावला तशी हातात आली. म्हणजे इतकी वर्षं सेल्फचा करंट ॲक्सिलेटर आणि चोकच्या केबलमधून वाट काढत होता. चोकची केबल मध्येच गरम का लागते, हे मला आज कळलं.

नवी पट्टी, वेगळी अर्थ वायर, घासलेले कान. सगळं करून पुन्हा मोजलं. दिवे, वायपर, हॉर्न सगळं चालू असताना बॅटरीवर १३.८. परतीच्या वाटेवर ०.०६. सेल्फसुद्धा नव्या गाडीसारखा फिरतो.

एक_ओहम

मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर एकदा लावून बघा. ०.१ व्होल्टच्या खाली असेल तर सगळे डायोड ठीक.

औसा_नाका

०.०३ दाखवतोय.

गोदाकाठ

उत्तम. आता उन्हाळ्याचं एक. बॉनेट तापल्यावर व्होल्टेज १३.६-१३.७वर आलं तर घाबरू नका. रेग्युलेटर उष्णतेप्रमाणे स्वतःच थोडं खाली येतो. आपल्याकडे परभणी-नांदेडला पारा ४२-४३वर जातो, तेव्हा १४.४ दिले तर बॅटरी उकळेल. १४.८च्या वर गेलं तर मात्र रेग्युलेटर बिघडला असं समजा. एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर बघत जा, पूर्वीपेक्षा लवकर उतरेल.

आणि पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर बेल्ट पुन्हा दाबून बघा. नवा बेल्ट ताणतोच.

औसा_नाका

काल रात्री आईला घेऊन तुळजापूरला जाऊन आलो. जाताना उजनीला बासुंदीसाठी थांबलो, पंधरा मिनिटं पार्किंग लाईट लावून. येताना औशाच्या अलीकडे ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, पाऊण तास दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. हेडलाईट लावलेले, खिडक्यांवर दव म्हणून पंखाही चालू. डॅशबोर्डखाली टांगलेला व्होल्टमीटर सगळ्या वाटेत १३.७च्या खाली आला नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचे रेडियमचे त्रिकोण लांबून लख्ख चमकत होते. आई बराच वेळ मीटरकडे बघत होती, मग म्हणाली, "त्यांना हे दाखवायला पाहिजे होतं."

मूळस्वरूप

वाचून डोळे भरून आले. अल्टरनेटरबद्दलचं माझं मत मी तुमच्या गाडीपुरतं मागे घेतो. जुन्या डायनामोचं काय केलंत?

औसा_नाका

आर्मेचर भरायला दिलंय. कॉम्युटेटर एका जुन्या डायनामोचा मिळाला. परत आलं की तुम्ही सांगितलं तसा ब्राँझचा बुश तेलात भिजवून बसवेन आणि मूळ पट्टी, बोल्ट, स्पेसर सगळं एका पेटीत चिठ्ठी लावून ठेवेन. कटआऊटचा डबा गाडीवर आहेच. मूळ वायरिंग परत कसं जोडायचं ते वहीच्या पानावर काढून पेटीतच ठेवणार आहे, माझ्यानंतर कुणाला लागलं तर.

रानजीप

दादा, तुमचा तो पुठ्ठ्याचा आकार मिळेल का? जीपचं इंजिन वेगळं आहे, पण पट्टी कशी वळवली ते बघायचंय. आणि स्पेसर कुठल्या मापाच्या पाइपातून केला?

औसा_नाका

स्पेसर पाइपातून नाही, भरीव एमएसच्या गोल बारमधून कापला आणि मधून बोल्टच्या मापाचं भोक घेतलं. पाइपाच्या तुकड्याची कड बोल्ट आवळला की दबते आणि पुली तिरकी होते. पुढच्या आठवड्यात भोकरला मावशीकडे येणार आहे, गाडी घेऊनच. पुठ्ठा आणतो. तुमच्या जीपवर दोरा लावून मापं तिथेच घेऊ. मीटर आणि पॉलिश पेपर तेवढा तुम्ही तयार ठेवा.